ढगळ टी-शर्टला कैची अन् गाठ

मागच्या हंगामात हरभऱ्याची मळणी सुरू होती. मशीनमध्ये ढीग सारणाऱ्या पोराच्या अंगात मांड्यांपर्यंत लोंबणारा टी-शर्ट होता. वारा सुटला, टी-शर्टचा घेर उडाला आणि पट्ट्यात सापडला. नशीब एवढंच की कापड जुनं होतं. टर्रकन फाटलं, अर्धं पट्ट्यासोबत गेलं आणि पोरगा मागे आदळला. ट्रॅक्टर बंद होईपर्यंत खळ्यावर कोणी शब्द बोललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "वाचला बाप्पा! पण एवढा ढिल्ला सदरा काहून घातला रे पोरा?" पोरगा खाली मान घालून म्हणाला, "आजी, मापाचा कुठून आणू? बाजारात असाच भेटते."

पोराचं उत्तर खोटं नव्हतं. घुग्घुसच्या बाजारात जा की वणीच्या, ताडपत्रीवर जुन्या कपड्यांचा ढीग दिसतोच. त्यात टी-शर्ट जास्त, आणि टी-शर्टात एक्सएल, डबल एक्सएल जास्त. शहरातल्या धष्टपुष्ट माणसाच्या मापाचा कपडा आमच्या शेतमजुराच्या हाडांवर लटकतो. शिवाय निवडणुकीत वाटलेले, बियाणं-खताच्या जाहिरातीचे, दुचाकीच्या दुकानातून मिळालेले टी-शर्ट घरोघरी आहेतच. तेही सगळे एकाच मोठ्या मापाचे. फुकटचा कपडा वाटणारा कोणाचं माप घेत नाही.

यातला विरोधाभास बघा. कापूस आमच्या काळ्या मातीत पिकतो. वणीच्या बाजारात विकला जातो, जिनिंगमध्ये जातो, गाठी बांधून बाहेर जातो. तमिळनाडूतल्या तिरुपूरसारख्या गावात होजिअरीचे कारखाने रात्रंदिवस चालतात. नवा टी-शर्ट शहरात विकला जातो आणि जुना झाला की आमच्या ताडपत्रीवर येतो. पऱ्हाटी पिकवणाऱ्याच्या वाट्याला कपडा येतो तो दुसऱ्याच्या मापाचा. भावाचं रडगाणं आपण नेहमीच गातो आणि ते खरंही आहे. पण निदान हाती आलेला कपडा आपल्या मापाचा करणं तरी आपल्या हातात आहे की नाही?

"टेलरकडे द्या" असं कोणी म्हणेल. टेलर जुन्या कपड्याला हात लावायला राजी नसतो, आणि लावलाच तर शिलाई कपड्याच्या किमतीपेक्षा जास्त होते. घरात शिलाई मशीन सर्वांकडे नाही. मग कपडा तसाच ढगळ घातला जातो, नाहीतर पोछा होतो. माझं म्हणणं असं की टी-शर्टला ना मशीन लागत, ना सुई. एक कैची आणि दहा बोटं पुरेत.

कारण साधं आहे. धोतर, लुगडं, खादी हे उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं कापड. ते कापलं की काठाचे धागे सुटत जातात, म्हणून दुमडून शिवावं लागतं. टी-शर्टचं कापड बनियनसारखं, स्वेटरसारखं एकात एक फासे अडकवून केलेलं असतं. ते कापलं तरी सहसा उसवत नाही, काठ फक्त गुंडाळतो. म्हणून त्याला शिवणीऐवजी गाठ चालते.

आता रीत सांगतो. आधी खालची लांबी कमी करा. टी-शर्ट सपाट पसरा, आपल्या मापाचा एखादा सदरा त्यावर ठेवा, खडूनं खूण करा आणि खालचा घेर कापून टाका. खोचता येईल एवढंच कापड ठेवा. निम्मं काम इथेच झालं.

रुंदी कमी करायची तर दोन उपाय आहेत. पहिला नाडीचा. दोन्ही कुशींना काखेखालून कमरेपर्यंत बोटभर अंतरानं लहान छेद द्या. खालून कापलेल्या पट्टीची लांब नाडी करा, ती छेदांतून ओवा, हवा तेवढा घेर आवळा आणि दुहेरी गाठ मारा. माणूस बारीक-जाड झाला तर नाडी सैल-घट्ट करता येते. दुसरा उपाय झालरीचा. टी-शर्ट उलटा करा. कुशीचं जास्तीचं कापड मापाच्या खुणेपासून दोन इंच सोडून कापा. त्या दोन इंचात पुढच्या-मागच्या दोन्ही पदरांना मिळून बोटभर रुंदीचे काप द्या, मग पुढची पट्टी मागच्या पट्टीशी दुहेरी गाठीनं बांधत जा. सरळ केलं की गाठी आत जातात. लेकरांसाठी ही रीत चांगली.

बाह्या मात्र कापू नका. मोठ्या मापाची बाही कोपरापर्यंत येते. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाईला उन्हापासून तेवढाच आडोसा. आमच्याकडे बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा घालून वावरात जातातच. तोच कमरेला बसता केला तर वाकताना अडणार नाही.

ज्या टी-शर्टचा कपडा होणार नाही त्याची पिशवी होते. बाह्या आणि गळा कापा, खालचा काठ झालरीच्या रीतीनं बांधा, खांद्याच्या पट्ट्या आपोआप पिशवीचे बंद होतात. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, तरी बाजारात अजून पातळ पिशव्या उडतात आणि गुरांच्या पोटात जातात. त्यावर हा घरचा उतारा आहे. टी-शर्ट गोल-गोल कापत गेलं तर एक सलग लांब पट्टी निघते. ती ओढली की दोरीसारखी गोल होते. टमाटं, वांगी, वेल बांधायला ही दोरी उत्तम, कारण ती ताणते आणि खोडाला काचत नाही. बैल बांधायला मात्र वापरू नका. ताणणारी दोरी जनावराला काय आवरणार!

कापूस वेचायच्या ओटीसाठी रंगीत किंवा छापील टी-शर्ट घेऊ नये. रंगीत धागा आणि प्लास्टिकसारखा धागा कापसात गेला की मालाची प्रत पडते. पांढरं सुती कापडच घ्यावं. कापड सुती आहे की नाही हे ओळखायला एक धागा अंगणात, लेकरांपासून दूर, जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. पॉलिस्टर आकसतो आणि त्याचा कडक मणी होतो. असा कपडा घालून चुलीपुढे बसू नये. पेट घेतला तर तो वितळून कातडीला चिकटतो. चुलीपुढे ढगळ कपडा तर सुतीही नको.

आता सर्वात महत्त्वाचं. मळणीयंत्र, कडबाकटर, पट्ट्यावरची मोटर, यांच्याजवळ लोंबणारं काहीच अंगावर नको. खालचा घेर कापलेला आणि खोचलेला असावा, नाडीची टोकं कापलेली असावीत, झालर बाहेर नसावी, गळ्यातला दुपट्टाही काढून ठेवावा. मजूर तसाच आला तर मालकानं मशीन सुरू करू नये. कैची पाच मिनिटांचं काम करते, तुटलेला हात जन्मभर तुटलेलाच राहतो.

आणि फवारणीला टी-शर्ट नकोच, मापाचा असो की ढगळ. आपल्याकडे फवारणीला घरातला सर्वात फाटका कपडा काढायची खोड आहे. २०१७ साली वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. टी-शर्टचं कापड औषध शोषतं आणि अंगाला चिकटवून ठेवतं. त्याची पट्टी तोंडाला बांधली तर औषधाची वाफ थांबत नाही, फक्त मनाचं समाधान होतं. फवारणीला पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, पूर्ण पँट, हातमोजे, चष्मा, बूट आणि फवारणीसाठीचा मास्कच पाहिजे. तिथे काटकसर करू नये.

यावर एक आक्षेप येईल. "गरिबाला जुन्या कपड्याची कलाकुसर शिकवता, त्याची मजुरी वाढवा असं का म्हणत नाही?" आक्षेप रास्त आहे. मजुरी वाढलीच पाहिजे, कापसाला भाव मिळालाच पाहिजे. पण मजुरी वाढेपर्यंत मळणी थांबत नाही. आणि जुना कपडा घालण्यात लाज कसली? याच विदर्भाच्या मातीतले गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्या जोडलेला सदरा घालून गावोगाव झाडू मारत फिरले. लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणत आणि त्यांच्या कीर्तनाला हजारोंनी जमत. लाज वाटावी ती फुकट वाटायचं म्हणून घाणेरडे, न धुतलेले कपडे गावात आणून ओतणाऱ्यांना. १९९९ पासून काम करणाऱ्या 'गूंज' संस्थेनं गावकऱ्यांच्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडा देण्याची पद्धत रुजवली. ते यासाठीच, की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) एक विनंती. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचीच असते. नकोडा, उसगावसारख्या आपल्या गावांत त्या सभेतला अर्धा तास या कामाला द्या. उमेदच्या बचत गटातल्या एखाद्या बाईच्या हाती कैची द्या, प्रत्येकीनं घरून एक ढगळ टी-शर्ट आणावा. खर्च शून्य, फाईल शून्य. मळणीयंत्राच्या मालकांनाही त्या दिवशी बोलवा आणि ढगळ कपड्यातल्या मजुराला मशीनजवळ उभं करणार नाही, असं त्यांच्याकडून सभेत वदवून घ्या.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरूणच मोठं आहे, ते कापून घ्यायला काय हरकत? खळ्यावरचा तो पोरगा परवा भेटला. त्याच्या टी-शर्टचा घेर कमरेला बसलेला होता, कुशीला नाडी होती. मी विचारलं, "कोणं केलं रे?" म्हणाला, "आजीनंच केलं. म्हणे, आता ढिल्ला घालून गेला तर मीच मशीन बंद करतो."