कुंडीतले पांढरे गोटे

आमच्या गॅलरीत एक मोगरा होता. आईने तो पालघरच्या चाळीत डालड्याच्या डब्यात लावला होता. आई गेली, चाळ सुटली, डबा गंजला. मोगरा मात्र कुंडीत बसून आमच्याबरोबर बोईसरला आला. गेल्या मे महिन्यात मुलीचा साखरपुडा. पाहुणे येणार म्हणून घरच्या मंडळींनी रोपवाटिकेतून पांढऱ्याशुभ्र गोट्यांच्या दोन पिशव्या आणल्या. दगडही किलोच्या भावाने घ्यायचे, हे पाहून आमच्यातला कारकून कळवळला. पण कुंड्या खरोखर देखण्या दिसू लागल्या. आम्ही गप्प बसलो.

जुलैत मोगऱ्याची पाने पिवळी पडली. दोष आमचाच. गोट्यांचा थर वरून उन्हावाऱ्याने कोरडा दिसतो, खाली माती ओली असते. सकाळी आम्ही तांब्या ओतायचो, संध्याकाळी घरची मंडळी. शिवाय पावसाची झड होतीच. थर काढून बोट घातले तर चिखल, आणि मुळे काळी, कुजकी.

म्हणून गोटे वाईटच, असे नाही. उन्हाळ्यात ते मातीतला ओलावा टिकवतात. पाण्याची धार मातीवर पडून खड्डा होत नाही, चिखल पानांवर उडत नाही. मांजर कुंडी उकरत नाही. मात्र थर इंचभर पुरे, आणि खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी हवी. पाणी घालण्याआधी गोटे सारून बोट घालून पाहावे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तर उघड्यावरच्या कुंडीतले गोटे काढून ठेवलेलेच बरे.

काही जण हेच गोटे कुंडीच्या तळाला भरतात, पाणी निघून जावे म्हणून. ते उलटेच होते. बारीक मातीतले पाणी, माती पुरती भिजल्याशिवाय, खालच्या मोठ्या फटींत उतरत नाही, वरच साठते. भोकावर एक खापरी ठेवली की काम झाले.

दगड कोणता, हेही पाहावे. पांढरे गोटे बहुधा संगमरवराचे, म्हणजे चुन्याच्या जातीचे. त्यांच्यावर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर चुना आहे असे समजावे. हा चुना हळूहळू मातीत उतरतो. एक्झोऱ्यासारख्या झाडांना आंबट माती लागते. चुना वाढला की त्यांना लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेजारच्या वहिनींच्या एक्झोऱ्याचे तेच झाले होते. शिंपल्यांचेही तसेच, तेही चुन्याचेच. त्यापेक्षा आपली काळी खडी बरी. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर लिंबाचा फेस येत नाही. बांधकामावरची उरलेली बारीक खडी मालकाला विचारून आणावी, कच निघून जाईपर्यंत धुवावी. पांढरी नाही दिसत, पण शेवाळाने हिरवी झाली तरी डोळ्यांत भरत नाही.

रविवारी केळवे, चिंचणीला गेलेली मुले पिशवी भरून वाळू-गोटे आणतात. एखाददुसरा शिंपला ठीक; पण सातपाटीला समुद्राला बांध घालावा लागला, हे आपण पाहतो. किनाऱ्याची वाळू, दगड उचलून नेण्याला कायद्याचीही मनाई आहे. आणि त्यातले मीठ मुळांना बाधते ते वेगळेच.

कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे, ताटली घासून ठेवावी. डेंग्यूच्या डासाला तेवढेच पाणी पुरते.

खरे सांगायचे तर खिसा पाहता सगळ्यांत उत्तम म्हणजे नारळाची सोडणे आणि वाळका पालापाचोळा. ओल धरतात, कुजून मातीला खतही होतात. पाहुण्यांना मात्र ते दाखवता येत नाही, असे आमच्या घरचे मत आहे.

मोगरा वाचला नाही. मुळे कापली, माती बदलली, तरी खोड वाळत गेले. त्याआधी हिरव्या राहिलेल्या फांद्यांच्या पाच काड्या आम्ही ओल्या वाळूत खोचल्या होत्या. दोन जगल्या. डिसेंबरात मुलगी सासरी गेली तेव्हा त्यातली एक तिच्याबरोबर गेली. दुसरी आमच्याकडे आहे, वर काळी खडी. आणि पाणी कोणी घातले, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे, असे आम्ही ठरवले आहे.