धान्य आले, ‘रेंज’ गेली!

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील रेशन दुकानांपुढे ज्या रांगा लागत, त्यांचे कारण उघड होते. धान्यच पुरेसे नव्हते आणि परदेशी मिलो पदरात पडला तरी लोक समाधान मानीत. आज गोदामात धान्य आहे, दुकानात पोती रचलेली आहेत, अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभार्थींना १ जानेवारी २०२३ पासून त्याचे दामही मोजावे लागत नाहीत. आणि तरीही अनेकदा रांग जागची हलत नाही. कारण विचारावे तर उत्तर मिळते, ‘नेटवर्क नाही, उद्या या!’ ज्याचे पोट हातावर आहे त्याच्या लेखी ‘उद्या’ म्हणजे बुडालेला आणखी एक रोज, हे सांगणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

कोपरखैरण्यासारख्या वस्तीत हा प्रश्न अधिकच बोचतो. सिडकोने आखलेल्या या उपनगरातील लहान लहान घरांत माथाडी, बिगारी, घरकाम करणाऱ्या बाया अशी कष्टकरी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांपैकी ज्यांच्यापाशी प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका आहे, त्यांना माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळणे हा २०१३ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. पण पोती वाहून आणि भांडी घासून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्यांची बोटे यंत्राला चटकन ओळखता येत नाहीत. ठसा पुनःपुन्हा द्यावा लागतो आणि त्यातच जोडणी तुटली की सारा खटाटोप पहिल्यापासून! इकडे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला दूरसंचार कंपन्यांची कार्यालये आणि प्रचंड डेटा सेंटरे दिमाखात उभी आहेत. दिव्याखाली अंधार तो हाच.

यावर ‘यंत्रेच फेकून द्या’ असे कोणी म्हणेल, तर ते शहाणपणाचे नव्हे. ई-पॉस यंत्राने खोट्या नोंदींना काही प्रमाणात तरी आळा घातला. शिवाय ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात, तसेच आंध्र व तेलंगण या जोड्यांपासून सुरू झालेली आणि पुढे देशभर पसरलेली ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजना या यंत्रावाचून चालणारच नाही. गावी शिधापत्रिका ठेवून नवी मुंबईत बांधकामावर राबणाऱ्या मजुराची नोंद इथल्या दुकानदाराच्या वहीत कोठून असणार? तेव्हा जोडणी सुधारणे हाच मार्ग आहे, आणि तो फारसा खर्चाचाही नाही.

मात्र प्रथम दुखणे कोठे आहे ते पाहावे लागेल. ग्राहकाने बोट ठेवले की संदेश यंत्रातून सरकारी सर्व्हरकडे, तेथून आधारच्या केंद्रीय भांडाराकडे जातो आणि उत्तर घेऊन परततो. सर्व्हरच निजला असेल तर दुकानात काहीही बसवून उपयोग नाही. ती जबाबदारी शासनाची. सिमकार्डाला टॉवरचा संकेत मिळत नसेल, तर त्या जागी ज्या कंपनीची सेवा खरोखर चालते तिचे सिम द्यावे आणि जोडीला ब्रॉडबँडची तार दुकानापर्यंत आणावी. वाय-फाय असूनही ते अशक्त असेल, तर बहुधा दोष जागेचा असतो. लोखंडी शटर, काँक्रीटच्या भिंती, पत्र्याची कपाटे आणि धान्याच्या थप्प्या तरंगांना अडवितात. राउटर पोत्यांमागे दडविण्याऐवजी काट्याजवळ, उंचावर, मोकळ्यावर ठेवावा. पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीपलीकडे तो लवकर दुबळा होतो. अशा ठिकाणी २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अधिक उपयोगी. वीज गेली तरी राउटर चालू राहील अशी लहान बॅटरीही हवी. यांतील एकही गोष्ट मोठ्या निविदेची वाट पाहणारी नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत लहान दुकानदारालाही परवान्यावाचून सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालविता येते. पूर्वी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ जसे गल्लोगल्ली उभे राहिले, तसेच हे केंद्र रेशन दुकानात का उभे राहू नये? दुकानदाराला चार पैसे मिळतील आणि वस्तीतील विद्यार्थ्यालाही सोय होईल. शिधावाटपाची जोडणी तेवढी स्वतंत्र व सुरक्षित ठेवावी.

तथापि सर्वोत्तम जोडणीही कधी ना कधी तुटणारच, आणि खरी कसोटी त्या दिवशीची आहे. ठसा जुळला नाही किंवा जोडणी मिळाली नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असे केंद्रीय अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच राज्यांना बजावले आहे. आधारवरील सप्टेंबर २०१८ च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने ओळख न पटल्यामुळे कोणी वंचित राहू नये, अशीच भूमिका घेतली. म्हणजे नियम आहे, पण रांगेतल्या माणसाला तो ठाऊक नाही! तो ठळक मराठीत आणि हिंदीत प्रत्येक दुकानाच्या दर्शनी भागी लावावा. यंत्र बंद पडल्यास इतर ओळखपत्र पाहून, वहीत नोंद करून धान्य देण्याची मुभा दुकानदाराला निःसंदिग्ध असावी आणि त्या नोंदीपायी त्याच्यावर मागाहून बालंट येऊ नये. कायद्याने सांगितलेल्या दक्षता समित्यांनी जोडणी किती वेळ बंद होती याची दरमहा नोंद मागावी. वस्तीतील शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी या कामी हात दिला, तर आपला हक्क कोणता हे न कळल्यामुळे परत फिरणारी माणसे थांबतील.

जोडणी तुटल्याचा भुर्दंड आज रांगेतला माणूस भरतो आहे. तो व्यवस्थेने भरावा, एवढीच मागणी आहे. आणि ती कायद्याबाहेरची नाही.