खऱ्या नावाची सक्ती

ऑनलाइन खेळांतील शिवीगाळ थांबवायची तर खेळाडूंची खरी नावे उघड करा, असे आमच्या सेवेतील काहींना वाटते. मला हे साफ अमान्य आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या ब्लिझार्ड कंपनीने जुलै २०१० मध्ये चर्चापीठावर खऱ्या नावाची सक्ती जाहीर केली. विश्वास वाटावा म्हणून एका कर्मचाऱ्याने स्वतःचे नाव लिहिले. पाहता पाहता त्याचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक चव्हाट्यावर आले. तीनच दिवसांत कंपनीने माघार घेतली. आपल्या २०२५ च्या कायद्याने पैशांचे डाव बंद केले, ते ठीकच. पण हरलेल्या प्रतिस्पर्ध्याने एखाद्या मुलीच्या घराचा पत्ता उघड केला, तर भारतीय न्याय संहितेत त्यासाठी स्वतंत्र कलम नाही. ठाणेदार पाठलाग, धमकी अशी कलमे जुळवत बसतो. मग नावांचा आग्रह आम्ही कोणत्या तोंडाने धरावा?