माळ्यावरचे आवाज उतरवा

दिवाळीची साफसफाई सुरू होण्याआधी एक विनंती. माळ्यावर, पलंगाच्या पेटीत किंवा शोकेसच्या खालच्या कप्प्यात पडून असलेल्या जुन्या कॅसेटी भंगारवाल्याला देऊ नका. निदान प्रत्येकीवर काय लिहिलंय ते एकदा वाचा. कंपनीचं छापील वेष्टन असेल तर ती बाजूला ठेवा, त्यातलं बरंचसं आज फोनवर सापडतं. बॉलपेनानं नाव लिहिलेली कॅसेट मात्र बहुधा जगात एकच असते.

आमच्या घरी अशा कॅसेटींवर वडिलांचं अक्षर आहे. रेडिओला टेप लावून भरलेलं नाट्यसंगीत आहे, ‘छायागीत’ सुरू झालं की टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली सिनेमाची गाणी आहेत. त्या काळी घरात गाणं भरताना सगळ्यांनी गप्प बसायचं असे, आणि ते कधीच जमत नसे. एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी होते, आई विचारते, “चहा टाकू का?” आणि वडील दबक्या आवाजात तिला “शू!” म्हणतात. तेच गाणं आज स्वच्छ, खरखरीशिवाय कुठेही ऐकायला मिळतं. पण त्यात आई नाही. पावसाळी दुपारी मला जे गाणं हवं असतं ते शिट्टीसकटचं.

सिनेमाशीही आमचं नातं असंच कानांमधून जुळलं. ‘शोले’चे संवाद रेकॉर्डवर निघाले, पुढे कॅसेटीवर आले, आणि चहाच्या हॉटेलांत, गणपतीच्या मांडवात ते इतके वाजले की चित्रपट न पाहिलेल्या पोरांनाही ते तोंडपाठ होते. कितीतरी सिनेमे आम्ही आधी ऐकले आणि मग पाहिले.

पण ही झाली आमची गोष्ट. तुमच्या माळ्यावर याहून मोलाचं काही असू शकतं. गावच्या भजनी मंडळाचा हरिनाम सप्ताहातला एखादा कार्यक्रम. ज्यांची कधी रेकॉर्ड निघाली नाही अशा कीर्तनकारांचं उत्तररंगातलं आख्यान. लग्नात आजीनं आणि तिच्या जावेनं म्हटलेली हळदीची गाणी. आखातात नोकरीला गेलेल्या मुलानं पत्राऐवजी भरून पाठवलेली ख्यालीखुशाली. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाला आणि आपला आवाज जपून ठेवण्याची सोय पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या हाती आली. त्याआधी ती रेकॉर्ड कंपन्या आणि आकाशवाणी यांच्याकडेच होती. म्हणून हा ठेवा सरकारी अभिलेखागारात सापडणार नाही. तो घरांमध्ये विखुरलेला आहे आणि घरांमधूनच नाहीसा होतो आहे.

नाहीसं होणं म्हणजे काय, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्यातल्या गाण्यांच्या तेव्हा रेकॉर्डही निघाल्या नाहीत, म्हणून ज्या चित्रपटानं आपल्या पडद्याला आवाज दिला त्याचाच आवाज आपल्याला ऐकता येत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ साली. तिथल्या पी. के. नायर यांनी हयातभर गोदामं आणि घरं पालथी घालून जुनी रिळं जमवली, तरी तोवर मूकपटांतला फार मोठा भाग गेलेला होता.

काही माणसांनी वेळीच हात घातला म्हणून वाचलेलंही पुष्कळ आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि कित्येक बायकांचे आवाजही टिपून ठेवले. लाखेच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्या सांभाळणारे जाणकार संग्राहकही आपल्याकडे आहेत. कॅसेटीला असा वाली मिळालेला नाही. ती स्वस्त होती, घरोघरी होती, म्हणून कुणी तिला जपण्याजोगी मानलीच नाही.

आणि तिच्याकडे वेळ थोडा आहे. चार मिलिमीटरहून कमी रुंदीची ती प्लॅस्टिकची फीत, तिच्यावर बाइंडरनं चिकटवलेली लोहाच्या संयुगाची भुकटी, त्या भुकटीच्या चुंबकत्वात साठवलेला आवाज. दमट हवेत बाइंडर सैल पडतो, भुकटी सुटू लागते, आणि कोकणातल्या पावसाळ्यांत फितीच्या कडेला पांढरी बुरशी चढते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीतली फीत साठवालीपेक्षा पातळ असते, म्हणून ती लवकर ताणली जाते. शिवाय चालू स्थितीतले टेपरेकॉर्डर कमी होत चालले आहेत आणि ते दुरुस्त करणारे कारागीर म्हातारे झाले आहेत. फीत टिकली तरी ती वाजवायला यंत्र मिळेल याची खात्री नाही.

काम अवघड नाही, निगुतीनं करायला हवं इतकंच. बुरशी दिसली तर कॅसेट लावू नका, जाणकाराला दाखवा. कवचाच्या वरच्या कडेला मागे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतात ते मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. टेपचं हेड आणि रबरी रोलर स्वच्छ पुसा. फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत भरून घ्या. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा. तासाला साधारण ६५० एमबी जागा लागते, आणि आजच्या काळात ती काहीच नाही. घाई मात्र करता येत नाही. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या तिच्या गतीनंच चालणार, तासाभराच्या कॅसेटीला तास द्यावाच लागतो. त्या तासात घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. कोण गातंय, पेटीवर कोण आहे, हे कुठल्या साली, कुणाच्या ओसरीवर झालं, ते विचारून लिहून ठेवा. नाव हरवलेला आवाज पुढच्या पिढीला ओळखता येणार नाही. तयार फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि काम झालं तरी मूळ कॅसेट टाकू नका.

हे एकेकट्या घराला जड जाईल. म्हणून आपल्या सार्वजनिक वाचनालयांना माझं कळकळीचं सांगणं आहे की एक चालू टेपरेकॉर्डर, एक संगणक आणि एक टेबल एवढं मांडा आणि आठवड्यातून एक दुपार लोकांसाठी खुली ठेवा. महाविद्यालयांच्या मराठी आणि संगीत विभागांनी विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून द्यावं. गणेशोत्सव मंडळांनी स्वतःच्या कपाटांतल्या जुन्या मेळ्यांच्या, स्पर्धांच्या कॅसेटी आधी बाहेर काढाव्यात. ज्यांच्याकडे चालू स्थितीतला टेप आहे त्यांनी तो सोसायटीच्या फलकावर जाहीर करावा. आणि तुम्ही येत्या रविवारी शिडी लावून माळ्यावर चढा.