पाठवण्यापूर्वीचा एक क्षण



घरी पोस्टकार्डे येत असत तो काळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ असे. निधनाची वार्ता कळवणाऱ्या कार्डावर तो नसे, आणि असे कार्ड वाचून होताच फाडून टाकण्याची रीत होती. कार्ड उघडे असते, वाटेत कोणीही ते वाचू शकतो, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून घरातले आजारपण, देणेघेणे, सासरमाहेरची कुरबुर त्यावर कोणी सहसा लिहीत नसे. त्यासाठी बंद पाकीट असे. आपला शब्द कोणाच्या नजरेखालून जाणार आहे, याचे भान चार इयत्ता शिकलेल्या माणसालाही होते.

वर्तमानपत्राला पत्र लिहायचे तर आणखीच सायास पडत. सुवाच्य अक्षरात मजकूर उतरवायचा, तिकीट लावायचे, पेटीपर्यंत जायचे. रात्री रागाच्या भरात लिहिलेले पत्र सकाळी पुन्हा वाचले, की ते तसेच टेबलाच्या खणात राही. गेलेच तर संपादकाची कात्री त्यातला कडवटपणा कमी करी. लिहिणे आणि चारचौघांपुढे येणे यांच्यामध्ये थोडा वेळ आणि आणखी एखाद्याची नजर उभी असे.

आज ते अंतर अंगठ्याच्या एका स्पर्शाइतके उरले आहे. आपण घरात आरामखुर्चीत बसून एक वाक्य लिहितो. आपल्या मनात समोर बहीण असते, भाचा असतो. प्रत्यक्षात त्या गटात भाच्याची सासुरवाडी असते, जुने शेजारी असतात, ज्यांचा चेहराही आठवत नाही असे दोन-तीन क्रमांक असतात. बोलणे ओसरीवरचे आणि श्रोते मात्र जत्रेएवढे, अशी ही स्थिती आहे. ओसरीवरचा शब्द वाऱ्यावर विरून जाई. हा टिकतो, पुढे जातो आणि कधीकधी दोन वर्षांनी परत येऊन दारात उभा राहतो. नंतर पुसून टाकण्याची सोय आहे खरी. पण तोवर कोणी तो जपून ठेवला असेल तर त्यावर आपला अधिकार उरत नाही.

शाबासकीची सवय

लोकांपुढे येण्याची रीत बदलली की माणसाच्या बोलण्याची धाटणीही बदलते. फेसबुकवर पसंतीचा अंगठा 2009 साली आला. तेव्हापासून प्रत्येक वाक्याला लगेच गुण मिळू लागले. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ट्विटरवरील सुमारे सात हजार व्यक्तींचे सव्वा कोटीहून अधिक संदेश त्यांनी तपासले. संतप्त मजकुराला ज्यांना अधिक पसंती मिळाली, ते पुढे अधिक संतापाने लिहू लागले, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे, ज्यांचा मित्रपरिवार मुळात मवाळ मतांचा होता, अशा लोकांवर या शाबासकीचा परिणाम अधिक दिसला.

आपल्या घरातही याची प्रचीती येते. प्रत्यक्ष भेटीत मृदू बोलणारे, पाहुण्याला चहाशिवाय जाऊ न देणारे गृहस्थ कुटुंबाच्या गटात मात्र एकेरीवर येतात. समोरच्याचा चेहरा पडलेला दिसला असता, तर त्यांनी वाक्य अर्ध्यावर थांबवले असते. पडद्यावर चेहरा दिसत नाही. दिसतात ती टाळ्यांची चिन्हे. मग भावाभावांत अबोला येतो, गणपतीत जेवायला येणारे घर यंदा येत नाही, आणि त्याचे मूळ तीन ओळींत असते. उतारवयात अशी तुटलेली नाती पुन्हा जोडायला वेळही थोडा असतो आणि उमेदही. एकटेपणा आरोग्याला घातक आहे, हे या पाक्षिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दुसऱ्याचा मजकूर, आपले नाव

आपण स्वतः फार थोडे लिहितो. अधिक करतो ते पुढे पाठवण्याचे काम. ‘मी थोडेच लिहिले आहे, नुसते फॉरवर्ड केले’ असे म्हणून आपण जबाबदारीतून मोकळे होतो. परंतु वाचणारा तो संदेश मूळ लेखकाच्या नव्हे, आपल्या विश्वासावर वाचतो. ‘काकांनी पाठवले आहे’ एवढे प्रमाणपत्र त्याला पुरते.

या प्रमाणपत्राची किंमत किती भयंकर असू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या दिवसांत हातोहात फिरत होते. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. तिचा खुलासा करणारा शेवट कापून ती खरी म्हणून पसरवली गेली. ते संदेश पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना कोणाचे वाईट करायचे नसणार. नातवंडांच्या काळजीनेच अनेकांनी ते पुढे ढकलले असतील. काळजी खरी होती, बातमी खोटी होती, आणि पाच संसार उघड्यावर आले.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या दिवसांत, अनेक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा आणखी एक बांध घातला. त्यानंतर अशा संदेशांची वाहतूक सुमारे 70 टक्क्यांनी घटली, असे कंपनीने सांगितले. यातील बोध साधा आहे. पाठवायला थोडे कष्ट पडू लागले, तेव्हा माणसे थांबली. म्हणजे पुष्कळ संदेश निश्चयाने नव्हे, केवळ सोय आहे म्हणून पाठवले जात होते. मजकुराच्या वर बाणांची जोडी दिसली, तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे असे समजावे आणि तेथे क्षणभर थबकावे.

आरोग्याच्या संदेशांबाबत हे अधिकच खरे. ‘एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोरात खोकत राहा’ हा संदेश कित्येक वर्षे फिरत आहे. आपल्यालाही तो आला असेल. त्यात सत्याचा अंश इतकाच, की हृदयाचे ठोके अचानक बिघडले असता, रुग्णालयात यंत्राच्या पडद्यावर लक्ष ठेवून, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला डॉक्टर काही क्षण खोकायला सांगतात. घरी एकट्याने करण्याचा हा उपाय नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही सर्वसामान्यांसाठी तो पुरस्कारलेला नाही. छातीत कळ आली तर पहिले काम 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे आणि शेजाऱ्याला हाक मारणे. खोकण्यात गेलेली पाच मिनिटे परत मिळत नाहीत. ज्याने प्रेमाने तो संदेश पाठवला, त्याच्या हे स्वप्नातही नसते.

ज्येष्ठांना हसू नका

या ठिकाणी तरुण वाचक मान डोलावतील: ‘आमचे बाबाच असले संदेश पाठवतात.’ अमेरिकेत 2016 च्या निवडणुकीच्या काळातील फेसबुकवरील वर्तनाचा अभ्यास झाला होता. 65 वर्षांवरील व्यक्तींनी सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट खोट्या बातम्या पुढे पाठवल्याचे त्यात दिसले. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी, की नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी अशी एकही बातमी पाठवली नव्हती. तेव्हा सरसकट ‘म्हाताऱ्यांना कळत नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या पिढीने छापील शब्दावर विश्वास ठेवायला शिकले, तिला नीटनेटक्या अक्षरांतला मजकूर खरा वाटला तर नवल नाही.

रोज सकाळी येणाऱ्या ‘शुभ प्रभात’ची थट्टाही जरा आवरावी. फुलाच्या त्या चित्राखाली एक न लिहिलेले वाक्य असते: ‘मी आहे, माझी आठवण ठेवा.’ ज्यांचा संदेश रोज सहाला येतो, त्यांचा नऊपर्यंत आला नाही तर फोन करून चौकशी करावी. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ही मोठीच व्यवस्था आहे. मात्र ज्येष्ठांनीही एवढे करावे: दहा तयार संदेशांऐवजी एखाद्याला स्वतःचे एक वाक्य लिहावे. ‘तुझी परीक्षा कशी झाली?’ या प्रश्नाला नातू उत्तर देईल. सुविचाराला तो उत्तर देत नाही.

आणि घरच्यांनी चूक दाखवायची तर ती गटात दाखवू नये. चाळीस जणांसमोर ‘आजोबा, हे खोटे आहे’ असे लिहिले, की आजोबा एकतर हट्टाला पेटतात किंवा कायमचे गप्प होतात. दोन्ही वाईटच. शेजारी बसून, चहा घेताना, ‘हे कुठून आले असेल, आपण दोघे पाहू’ म्हणावे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले, की ‘हे खरे असेल का?’ एवढ्याकडे लक्ष वेधले, तरी माणसे काय पुढे पाठवतात यात सुधारणा होते. आपल्याला सारासारविचार असतो; घाईत तो बाजूला पडतो, इतकेच.

रुग्णाची खोली

शेवटी, शुश्रूषा करणाऱ्यांशी थोडे बोलतो. रात्र रात्र जागणाऱ्या मुलीला किंवा सुनेला मन मोकळे करावेसे वाटते. चार ओळी लिहिल्या, ‘आम्ही आहोत’ असे कोणी उत्तर दिले, की आधार वाटतो. तो खराही असतो. परंतु त्या ओळींसोबत अंथरुणावरच्या वडिलांचे छायाचित्र जाते, तेव्हा जरा विचार करावा. नाकात नळी, विसकटलेले केस, उघडा खांदा. ज्या माणसाने आयुष्यभर भांग पाडल्याशिवाय, इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय उंबरठा ओलांडला नाही, त्याला आपण याच रूपात दोनशे लोकांपुढे उभे करतो. ते बरे झाले तर कधीतरी ते छायाचित्र त्यांच्याच हाती पडेल. बरे झाले नाहीत, तर अनेकांच्या मनात त्यांची शेवटची प्रतिमा तीच राहील.

म्हणून शुद्धीवर असलेल्या रुग्णाला आधी विचारावे: ‘हे सर्वांना कळवू का? किती कळवू?’ ‘नको’ म्हणण्याचा त्याचा अधिकार आजाराने हिरावला जात नाही. स्मरणशक्ती गेली असेल, उत्तर देता येत नसेल, तर धडधाकट असताना त्यांनी काय म्हटले असते, ते आठवावे. तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, रुग्णालयाची कागदपत्रे गटात टाकू नयेत. ज्या डॉक्टरांना किंवा नातलगाला दाखवायची त्यालाच पाठवावीत. प्रकृतीची माहिती कळवण्याचे काम घरातल्या एकाच व्यक्तीकडे द्यावे आणि तिने दिवसातून एकदा, ठरावीक वेळी, मोजक्या शब्दांत लिहावे. त्यामुळे चाळीस फोन वाचतात आणि अफवाही उठत नाही. स्वतःचे दुःख सांगायला एकदोन जिवाभावाची माणसे निवडावीत आणि शक्य तर त्यांना फोन करावा. आवाजातला कंप अक्षरांत उतरत नाही, आणि दिलासाही आवाजानेच अधिक मिळतो.

वाचकहो, जुना काळ परत आणावा असे माझे म्हणणे नाही. परदेशातल्या नातीचे पहिले पाऊल ज्या पडद्यावर पाहिले, त्याला नावे कशी ठेवावीत? पूर्वी मात्र पोस्टाच्या पेटीपर्यंतची वाट आणि संपादकाची कात्री आपल्याला थांबवीत असे. आता ते काम आपल्यालाच करावे लागेल. पाठवण्यापूर्वी एक दीर्घ श्वास घ्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत. हे खरे आहे, असे मी कशावरून म्हणतो? ज्याच्याविषयी हे आहे, त्याच्यासमोर मी हे वाचून दाखवू शकेन का? उद्या सकाळीही मला हे पाठवावेसे वाटेल का? एका जरी प्रश्नाला मन अडखळले, तर तो मजकूर जुन्या पत्रासारखा खणात राहू द्यावा.

आपले आजचे पहिले वाक्य मात्र कोणातरी एकाला, त्याचे नाव घालून, अवश्य लिहावे.