चांदवडचा रुपया आणि कन्सोलचा बट्टा

१/ चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. तिथल्या चांदवडी रुपयाने कन्सोलच्या वादाकडे पाहू.

२/ मुघल पद्धतीत रुपयावर साल कोरलेले असे. नव्या सालाचे नाणे निघाले की जुन्याची चांदी तेवढीच असूनही सराफ बट्टा कापीत. अखेर कंपनी सरकारने बंगालमध्ये शाहआलमचे १९ वे साल सर्व नाण्यांवर कायम केले.

३/ कन्सोलची नवी पिढी हाही बट्टाच. यंत्र धडधाकट, पण नवे खेळ त्यासाठी निघेनासे होतात.

४/ सेगाने १९९४ मध्ये सॅटर्न आणि १९९८ मध्ये ड्रीमकास्ट आणले. २००१ मध्ये कन्सोलच सोडले. सोनीच्या पिढ्या २००६, २०१३ आणि २०२० च्या.

५/ तंत्रज्ञान थांबू नये, हे मान्य. पण सात वर्षांच्या आत नवी पिढी नको, आणि जुने खेळ नव्या यंत्रावर चाललेच पाहिजेत. अन्यथा ती प्रगती नव्हे, सराफी होय.