जुना प्रिंटर घेताना

मोखाड्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलंय, "घरी शिकवणीला मुलं येतात. जुन्या कॉम्प्युटरवर भाच्यानं लिनक्स घालून दिलंय. नाशिकला एचपीचा लेझरजेट १०२० स्वस्तात मिळतोय. दुकानदार म्हणतो, सगळ्यावर चालतो. घेऊ का?"

दुकानदाराचं 'सगळ्यावर' म्हणजे बहुधा विंडोजवर, बरं का! ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हा जुनं यंत्र मोडीत न काढता लिनक्स घालणं हा शहाणपणाच झाला. पण आता प्रिंटरची किंमत विचारण्याआधी मॉडेलचा नंबर विचारायला हवा.

त्याचं कारण असं. एखाद्या स्वयंपाकीणबाईंना 'पिठलं करा' एवढं म्हटलं की पुरतं, दुसरीला रोज पहिल्यापासून कृती सांगावी लागते. १०२० हा दुसऱ्या जातीचा. बंद केला की त्याचं चालवण्याचं ज्ञान पुसलं जातं. पुन्हा चालू केल्यावर कॉम्प्युटरनं ते नव्यानं पाठवायचं. त्यासाठी लिनक्सवर एचपीलिप हा संच लागतो, आणि शिवाय एचपीचं वेगळं प्लगिन. ते इंटरनेटवरून उतरवावं लागतं, आणि त्याची आवृत्ती तुमच्याकडच्या एचपीलिपशी तंतोतंत जुळावी लागते. मोखाड्यात रेंज नसेल तर आधी आवृत्तीचा नंबर कागदावर लिहून घ्या, आणि जव्हारला किंवा नाशिकला जाल तेव्हा त्याच नंबरचं प्लगिन पेन ड्राइव्हवर आणा. ते एकदा बसलं की वीज जाऊन आल्यावरचं काम कॉम्प्युटर आपलं आपण करतो. पी१००७ आणि पी१००८ यांचीही हीच तऱ्हा.

माझं मत विचाराल तर थोडे पैसे जास्त पडले तरी जुना लेझरजेट १३२० बघा. त्याला पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषा स्वतःलाच येतात, प्लगिनची भानगड नाही. शिवाय कागदाच्या दोन्ही बाजूंना छापतो, म्हणजे चाचणीच्या पेपरांना निम्मा कागद! कॅननचा एलबीपी २९०० जुन्या बाजारात हमखास दिसतो, पण त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर जुना, नव्या आवृत्तीवर बसवताना घाम फुटतो. आणि शाईचे प्रिंटर महिनाभर न वापरता ठेवले की शाई सुकून तोंड बुजतं. सुट्टीत शिकवणी बंद असते ना, म्हणून ते नकोतच.

दुकानातली चाचणी दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर नको. लॅपटॉप असेल तर तो न्या, आपल्या लिनक्सवरून एक मराठी पान छापून बघा, मगच पैसे मोजा.

घरी जोडताना छपाईचं सगळं 'कप्स' नावाची व्यवस्था बघते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग दोन टिंबं, मग ६३१ (अंक इंग्रजीत) टाकलंत की तिचं पान उघडतं. तिथं कागदाचा आकार लेटर असेल तर ए४ करा, नाहीतर प्रिंटर चुकीच्या कागदाची वाट बघत रुसून बसतो. आणि छापताना मध्येच वीज गेली, तर नंतर प्रिंटर 'थांबवलेला' दिसतो. त्याच पानावर तो पुन्हा सुरू करता येतो. अशा वेळी केबल काढ-घाल करत बसू नये, अडकलेलं काम रद्द करून नव्यानं द्यावं.

लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नका. आतला रूळ तापवायला एकदम बरीच वीज खेचतो.

आपल्याकडच्या पावसात कागद दमट होतो, वाकतो, मग अडकतो. उघडलेलं रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवा, लागतील तेवढेच काढा. आणि टोनरची काळी भुकटी साडीवर सांडली तर गरम पाणी मुळीच लावू नका, डाग पक्का होतो. आधी झटका, मग थंड पाण्यात धुवा.